गावात पुस्तक-सिनेमाची बैठक: मत कसं बांधायचं, कसं मांडायचं, कुठं चुकतं

‘पुस्तक कसं वाटलं?’
‘चांगलं हाये.’
‘अन् सिनेमा?’
‘मस्त हाये. पाहा तुम्ही.’

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात, वाचनालयाच्या ओसरीवर पहिल्या चार बैठका अशाच गेल्या. चहा झाला, फल्लीदाणे झाले, सतरंजी गुंडाळली. कोणाला काय खुपलं ते कळायचं घरी जाताना, रस्त्यात. ‘त्या बाईनं घर सोडलं ते बरोबरच केलं बाप्पा, पण तिथं सगळ्याइसमोर कसं बोलू?’ म्हणजे मत होतं. बैठकीत ते बाहेर निघत नव्हतं.

आता आजूबाजूच्या गावांतले लोक बैठक कशी चालवायची ते विचारतात, सुरू करतात आणि नेमके तिथंच अडकतात जिथं आम्ही अडकलो होतो. म्हणून हा क्रम लिहून काढला. क्रम मोडू नका. तिसरी पायरी गाळून पाचवीवर उडी मारली की पुन्हा ‘चांगलं हाये’वर गाडं येऊन थांबतं.

सामान फार नाही. दोनशे पानी एक वही, चिठ्ठ्यांसाठी पाठकोरे कागद, चार-पाच पेन्सिली, भिंतीवर चालू असलेलं घड्याळ. माईक आणू नका. माईक आला की भाषण आलं.

पायरी १: आधी माणसं आणि दिवस

सहा ते दहा माणसं पुरे. पंधराच्या वर गेली की निम्मी नुसती ऐकतात आणि दोन महिन्यांत गळतात. चारच असली तरी चालवा.

दिवस मात्र कॅलेंडर बघून नको, वावर बघून ठरवा. पेरणीच्या आणि डवरणी-निंदणाच्या दिवसांत कोणाच्या हातात पुस्तक राहत नाही. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाचा पहिला वेचा एकमेकांच्या पाठोपाठ येतात, तेव्हा बाया रात्री आठला जेवून झोपतात. तिकडे भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी असते आणि मे महिन्यात गडचिरोलीच्या बाजूला तेंदूपत्ता. हे महिने सोडून द्या, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. वर्षाला आठ बैठका झाल्या तरी भरपूर झाल्या. आमच्याकडे डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले जातात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मात्र ते दिवस दिवाळीपासून सुरू झालेल्या नाटकांचे असतात, तिथल्यांनी बैठक नाटकाच्या रात्री ठेवली तर सतरंजीवर तुम्ही एकटेच बसाल.

वेळ कोणती? ज्या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची असते, त्या आठवड्यात संध्याकाळची बैठक ठेवू नका. अर्धे गडी ओलितावर असतात. उन्हाळ्यात दुपार नको, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना कोणाला साहित्य सुचत नाही. ज्या गावात सामुदायिक प्रार्थना रोज होते, तिथं प्रार्थनेनंतरचा वेळ सोयीचा. माणसं आधीच जमलेली असतात आणि वेळेवर यायची सवय असते.

*तपासा:* तारीख सांगण्याआधी दोन बायांना आणि एका रोजमजुरी करणाऱ्याला विचारलं का? नुसतं पारावर विचारून ठरवलेली तारीख पारावरच्यांनाच सोयीची असते.

पायरी २: काय घ्यायचं

इथं पहिली चूक हमखास होते ती जाड पुस्तक निवडण्याची. हिशेब करा. वाचनालयात प्रत एक, माणसं आठ, दिवस तीस. प्रत्येकाच्या वाट्याला पावणेचार दिवस. त्यात एकाने पोरीच्या सोयरिकीच्या धावपळीत पुस्तक आठवडाभर ठेवलं की शेवटच्या तिघांना ते मिळतच नाही, आणि ते तिघं बैठकीत मान हलवत बसतात.

म्हणून सुरुवात एका कथेपासून करा. बारा-पंधरा पानांची एक कथा. ती मोठ्यानं वाचून दाखवायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणजे ज्यांना वाचता येत नाही किंवा ज्यांचा चष्मा फुटलाय त्यांचंही काम होतं. कादंबरी घ्यायचीच असेल तर दीडशे पानांच्या आतली, निदान दोन प्रती मिळत असतील तर, आणि दोन महिन्यांची मुदत देऊन. पुस्तक कोणाकडून कोणाकडे गेलं ते देवघेव वहीत तारखेसकट लिहा. ‘त्याच्याकडंच असंल’ असं म्हणून गेलेली पुस्तकं आमच्या वाचनालयात परत आलेली नाहीत.

सिनेमाचं वेगळं. घरी वर्गणी भरून जे सिनेमाचं ॲप घेतो, ते घरातल्यांसाठी असतं. सभामंडपात पडदा लावून गावाला सिनेमा दाखवायचा तर त्याच्या हक्कदाराची परवानगी लागते. सोपा मार्ग असा की सिनेमा ज्याने त्याने आपापल्या घरी, शेजाऱ्यापाजाऱ्यांत बघावा, आणि बोलायला मात्र एकत्र यावं. सगळ्यांनी तो एकाच आठवड्यात बघावा. दोन वर्षांपूर्वी बघितलेला सिनेमा आठवून बोलणारा माणूस निम्मं स्वतःच्या पदरचं बोलतो.

सभामंडपात दाखवायचाच असेल तर असा निवडा ज्याचे हक्क संपलेले आहेत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आणि सिनेमा प्रदर्शित झाल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात. या हिशेबात एक जोडी अगदी सोयीची बसते. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ हे पुस्तक मोकळं झालेलं आहे, आणि आचार्य अत्र्यांचा त्यावरचा सिनेमा १९५३ सालचा, त्याचीही मुदत उलटली. पुस्तकातल्या दोन ‘रात्री’ (त्यातल्या प्रकरणांना रात्र म्हटलंय) वाचायच्या, मग सिनेमा बघायचा, आणि कुठं काय बदललं यावर बोलायचं. नव्या गटाला पहिली बैठक जमवायला याहून सोपं दुसरं काही मला सापडलं नाही. फक्त त्याच नावाचा २०२३ साली आलेला सिनेमा वेगळा आहे, त्याला हा हिशेब लागू नाही. पोरांनी डाऊनलोड करताना नीट बघावं.

पोरं बसणार असतील तर सिनेमाचं प्रमाणपत्र आधी बघा. ‘ए’ म्हणजे फक्त मोठ्यांसाठी असेल तर प्रश्नच मिटला. ‘यूए’मध्ये आता सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे असे तीन भाग केलेले असतात, तो आकडा वाचा. पोरांसाठी वेगळी बैठक करायची असेल तर ‘किशोर’चे जुने अंक घ्या. बालभारती १९७१ पासून तो अंक काढते आणि जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात.

*थांबा:* ‘गावाला उपयोगी’ म्हणून शेतकरी-आत्महत्येवरचं पुस्तक पहिल्याच बैठकीला घेऊ नका. ज्या घरात ते घडलंय त्या घरची माणसं समोर बसलेली असतात. गट जुना झाला, एकमेकांवर विश्वास बसला, की त्याच घरातलं कोणीतरी स्वतःहून ते पुस्तक मागतं. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी मागितलं.

पायरी ३: वाचताना, बघताना खूण करा

ही पायरी सगळे गाळतात. मग बैठकीत डोकं खाजवतात.

प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी द्या. पुस्तकासोबत ती पुस्तकातच राहते, सिनेमासाठी घरी नेतात. तिच्यावर फक्त तीन गोष्टी लिहायच्या:

थांबलो कुठं. म्हणजे वाचता वाचता पुस्तक मांडीवर ठेवलं ती जागा, पान क्रमांक. सिनेमात तो प्रसंग, दोन शब्दांत: ‘विहिरीजवळ’, ‘बस सुटते तेव्हा’.

खटकलं कुठं. काय खरं वाटलं नाही, काय कळलं नाही, कुठं कंटाळा आला.

आठवलं काय. आपल्या घरातलं, गावातलं, कोणतंही.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी घरातल्या शाळकरी पोराकडून लिहून घ्यावं, किंवा फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवावा. आमच्यातल्या एक आजी दारामागे कोळशानं रेघा मारतात. एक रेघ म्हणजे एक प्रसंग, आणि कोणती रेघ कशाची ते त्यांना बरोबर ठाऊक असतं.

पुस्तक वाचनालयाचं असेल तर त्यात पेनानं खुणा करू नका, पानं दुमडू नका. हे सांगावं लागतं. आमच्या एका कादंबरीत प्रत्येक भांडणाच्या पानावर कोणीतरी ‘बरोबर’ असं निळ्या शाईनं लिहून ठेवलंय.

*तपासा:* बैठकीच्या आदल्या दिवशी चिठ्ठ्या भरल्या का ते विचारून घ्या. निम्म्याहून कमी भरल्या असतील तर बैठक आठ दिवस पुढे ढकला. रिकाम्या चिठ्ठ्यांवर बैठक चालत नाही.

पायरी ४: चिठ्ठीवरून मत बांधा

आता खरं काम. ‘आवडलं’ हे मत नाही, ती पावती आहे. मत म्हणजे एक जागा दाखवायची आणि तिथं आपल्याला काय झालं, का झालं, ते सांगायचं. जागा नसेल तर पुढचं ऐकूच नका, एवढा नियम पाळला तरी बैठक अर्धी सुधारते.

आम्ही बोलण्याला चार वाक्यांचं माप ठेवलंय. पहिलं वाक्य: कोणती जागा. दुसरं: तिथं काय घडतं. तिसरं: मला काय वाटलं. चौथं: का. चारच. याच्या पुढचं दुसऱ्या फेरीत.

एक नमुना जवळून दाखवतो. कापूस उत्पादकावरचा एक सिनेमा होता, नाव जाऊ द्या. पहिल्यांदा विचारलं तेव्हा सगळ्यांचं एकच: ‘लय खरा सिनेमा आहे, शेतकऱ्याची व्यथा मांडली.’ आमच्याकडे एक काकू आहेत, चाळीस वर्षं दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचतात. त्या काही बोलेनात. मी म्हटलं, काकू, चिठ्ठीवर काय आहे? चिठ्ठीवर पोरीच्या अक्षरात एकच शब्द होता: ‘हात’.

मग त्या बोलल्या. ‘ते बाई कापूस येचते न, तिचे हात पाहा. एक ओरखडा नाही. बोंडाचे वायलेले टोकं बोटात घुसते, नखाजवळची कातडी निंगते. अन् ते एका हातानं येचून राह्यली, दुसऱ्या हातात पदर. कमरेले फडकं नाही बांधलं. मंग कापूस टाकन कुठं? अन् सारं वावर एकाच दिवशी पांढरं. असं होते का कुठं? खालचं बोंड फुटते तेव्हा वरतं फूल असते.’

सारी ओसरी गप्प. एवढ्या बोलण्यात त्यांनी सांगितलं की सिनेमाला शेतकऱ्याच्या दुःखाची काळजी होती, कापूस वेचणाऱ्या बाईच्या कामाची नव्हती. त्यानंतर एक पोरगा म्हणाला की मग त्यातला नवरा एवढा रडतो आणि बायको नुसती बघते, तेही त्याच कारणानं असेल. त्या रात्री पहिल्यांदा चर्चा झाली.

काकूंना ‘समीक्षा’ हा शब्द माहीत नाही, माहीत असायची गरजही नाही. त्यांच्याकडे जागा होती आणि ‘का’ होतं.

आता नेहमीच्या चुका, ज्या जवळपास प्रत्येक नवा माणूस करतो.

कथा सांगत बसणं. ‘मंग तो मुंबईला जाते, मंग तिथं त्याले ते भेटते...’ सगळ्यांनी तेच वाचलेलं असतं. ‘भाऊ, कथा माहीत आहे. तुम्ही थांबले कुठं?’ एवढं विचारा, माणूस जागेवर येतो.

बोध शोधणं. ही सवय शाळेनं आणि प्रवचनानं लावलेली आहे. ‘यातून आपल्याला असा बोध मिळतो की कष्टाशिवाय पर्याय नाही.’ प्रत्येक पुस्तकातून हाच बोध मिळतो, मग शंभर पुस्तकं कशाला वाचायची? आमच्याकडे पहिल्या फेरीत ‘बोध’ आणि ‘संदेश’ हे दोन शब्द बंद आहेत. जो म्हणेल त्याने पुढच्या बैठकीचे फल्लीदाणे आणायचे. मी स्वतः तीनदा आणलेत.

तयार वाक्यं. ‘काळजाला भिडणारं’, ‘डोळ्यांत अंजन घालणारं’, ‘समाजाला आरसा दाखवणारं’. ही वर्तमानपत्रातून आलेली असतात. चिडू नका, फक्त विचारा: कोणत्या पानावर भिडलं?

पात्राला लेखक समजणं. पात्र दारू पिते, बायकोला मारते, म्हणून ‘लेखक असं शिकवतो’ असं म्हणणारे फार. उलटंही होतं: खलनायकाचं काम करणारा नट गावात कोणाला आवडत नाही म्हणून सिनेमा वाईट. ‘हे पात्र म्हणते की लेखक म्हणते?’ हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

भाषेची लाज. प्रमाण मराठी बोलावी लागेल म्हणून निम्मी माणसं तोंड उघडत नाहीत. ‘मले’ म्हणू द्या, ‘तुले’ म्हणू द्या, ‘काहून’ म्हणू द्या. बोलणाऱ्याला मध्ये थांबवून ‘मला म्हणा’ असं सुधारणाऱ्या माणसाला बैठकीनंतर बाजूला घेऊन समजवा, तरी ऐकलं नाही तर चहा करायला बसवा. वऱ्हाडी बोलणारा सिनेमात आला की तो हसवायलाच असतो ही आपली जुनी तक्रार आहे. मग आपल्याच ओसरीवर वऱ्हाडी बोलणाऱ्याला कोणी हसू नये. आणि ती तक्रार करतानाही जागा दाखवा: ‘तो प्रत्येक वाक्यात काहून म्हणते, आपल्याइकडं असं कोणी बोलत नाही’ हे मत झालं. ‘आपली बदनामी केली’ हे नुसतं गाऱ्हाणं.

*तपासा:* बोलायच्या आधी स्वतःलाच विचारा: माझं हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाला चिकटेल का? चिकटत असेल तर जागा सापडलेली नाही.

पायरी ५: बैठकीच्या दिवशीचा क्रम

गोल बसा. भिंतीला टेकून रांगेत बसलं की एक वर्ग होतो आणि एक मास्तर. खुर्ची कोणालाच नको. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना पाट द्या, तोही गोलातच.

बोलण्याचा क्रम हा सगळ्या बैठकीचा कणा आहे. आमची पहिली बैठक अशी मेली: एक निवृत्त मुख्याध्यापक, माणूस विद्वान, आदराचा. मान म्हणून आम्ही त्यांनाच सुरुवात करायला सांगितलं. पन्नास मिनिटं बोलले. पुढचे सातही जण म्हणाले, ‘गुरुजी म्हणले तसंच.’ चूक गुरुजींची नव्हती, आमची होती.

आता उलटा क्रम ठेवतो. सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी बोलणारा आधी. मग बाया. मग गडी. गुरुजी, सरपंच, पोलीस पाटील, वाचनालयाचे अध्यक्ष सगळ्यात शेवटी. त्यांना हे सांगायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. ‘गुरुजी, सगळ्यांचं ऐकून शेवटचं तुमच्याकडून ऐकायचंय’ असं आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा, चारचौघांत नको. मान राहतो, आणि सगळ्यांचं ऐकून झाल्यावर बोलताना माणूस आपोआप कमी बोलतो. त्यांनाही वेळ तेवढाच.

पहिली फेरी: प्रत्येकी तीन मिनिटं, मध्ये कोणी बोलायचं नाही, ‘हो ना’ सुद्धा नाही. दहा माणसांची अर्ध्या तासात होते. घड्याळ सांभाळायला आठवी-नववीची पोरगी बसवा. मोठी माणसं एकमेकांना थांबवताना संकोचतात, ती पोरगी बेधडक ‘आजोबा, झाले तीन’ म्हणते आणि आजोबा हसून थांबतात.

दुसरी फेरी मोकळी, चाळीस मिनिटं. पण तिला एक दार ठेवा: प्रत्येकाने आधी कोणाच्या तरी मताला धरून बोलायचं. ‘काकू म्हणल्या त्या हाताबद्दल...’ असं. याने लोक एकमेकांचं ऐकायला लागतात. सुरुवातीला कृत्रिम वाटतं, तीन बैठकांत सवय होते.

चहा दोन फेऱ्यांच्या मध्ये. शेवटी ठेवलात तर दुसऱ्या फेरीत सगळ्यांचं लक्ष स्टोव्हकडे. आणि चहा दर वेळी बायांनीच करायचा नाही. ज्या बैठकीत काकू चहा गाळत होत्या, त्या बैठकीत काकूंचं मत आम्हाला मिळालं नाही.

आता एक नाजूक गोष्ट. एकाच बैठकीत सासरे आणि सून असले तर सून बोलत नाही. मामाजी समोर बसलेले असताना ‘ह्या कादंबरीतल्या बाईचं मला पटलं’ असं म्हणणं सोपं नाही, आणि तिला ‘बोल न वं, काहून लाजतं’ म्हणून आग्रह करणं हे तर क्रौर्य आहे. दोन उपाय आम्हाला लागू पडले. एक, सगळ्यांच्या चिठ्ठ्या नाव न घालता डब्यात टाकायच्या आणि एकानं त्या वाचून दाखवायच्या. सगळ्यांच्याच, फक्त सुनांच्या नाही, नाहीतर अक्षरावरून कळतं. दुसरा, बायांनी आधी दुपारी कोणाच्या तरी अंगणात आपली वेगळी फेरी घ्यायची, आणि संध्याकाळी त्यांच्यातल्या एका वयस्क बाईनं ‘आमच्यात असं निघालं’ म्हणून सगळं मांडायचं. दुसऱ्या उपायातून जेवढं निघतं तेवढं पहिल्यातून निघत नाही.

ज्याने पुस्तक पूर्ण वाचलं नाही त्याने सुरुवातीलाच तसं सांगावं. लाज नाही त्यात. ‘पन्नासाव्या पानावर सोडलं’ हे फार उपयोगी मत आहे, का सोडलं ते सांगितलं तर. मात्र मोबाईलवर चार रील बघून ‘सिनेमा बघितला’ म्हणणाऱ्याने फक्त ऐकावं.

*थांबा:* शेवट फोडू नका, म्हणजे ज्यांचं व्हायचंय त्यांच्यासमोर. एका बैठकीत मीच उत्साहात म्हणालो की तो मेल्यावर आई जे करते ते... समोर दोघींचं वीस पानं वाचायचं राहिलं होतं. एकीने पुस्तक तिथंच मिटून माझ्या हातात दिलं. तेव्हापासून बैठकीच्या तोंडीच विचारतो: कोणाचं व्हायचंय? एकाचं जरी असलं तरी शेवटावरची चर्चा चहानंतर, आणि तेव्हा त्यांना हवं तर ते ओट्यावर जाऊन बसतात.

पायरी ६: वाद पेटला तर

पेटणारच. जात, पक्ष, देव, आणि गावातल्या कोणाशी तरी जुळणारं पात्र, या चार ठिकाणी हमखास. वाद वाईट नाही, पण तो पुस्तकातून निघून गावात शिरला की बैठक संपली समजा.

आवाज चढला की चालवणाऱ्याने एकच वाक्य म्हणायचं: ‘पान काढा.’ दोघांनीही ज्या जागेवरून भांडण सुरू झालं ते पान काढायचं, तिसऱ्या कोणीतरी ते मोठ्यानं वाचायचं. प्रकाशित पुस्तकातला बेताचा उतारा लोकांसमोर वाचून दाखवायला कायद्याचीही आडकाठी नाही. वाचन होईपर्यंत दोन मिनिटं जातात, रक्त थोडं निवतं, आणि अर्ध्या वेळा असं निघतं की त्या पानावर तसं लिहिलेलंच नाही. सिनेमा असेल तर तो प्रसंग दोघांनी आपापल्या शब्दांत सांगायचा. दोघांनी बघितलेला एकच प्रसंग किती वेगळा निघतो ते बघून बाकीचे हसतात, आणि हसू आलं की भांडण तग धरत नाही.

‘हे तर आपल्या अमक्यासारखं आहे’ असं गावातल्या माणसाचं नाव कोणी घेतलं तर लगेच थांबवा. ‘आपल्या गावात असं असते’ इथपर्यंत चालेल, नाव नाही.

मत मांडून जिंकायचं नसतं, हे नव्या माणसाला पटायला वेळ लागतो. हात वर करून मतदान घेऊ नका. दहातले नऊ एकीकडे आणि एक पोरगा एकीकडे असेल तर त्या पोराचं मत वहीत पहिलं लिहा. तेच पुढच्या वाचणाऱ्याच्या कामी येतं.

पायरी ७: वहीत नोंद

बैठकीचं उरतं ते वहीत. पण ‘दि. अमुक रोजी खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा संपन्न झाली’ अशी ग्रामसभेच्या इतिवृत्तासारखी नोंद केलीत तर ती कोणी वाचणार नाही. एका पुस्तकाला एक पान. त्यावर: नाव, लेखक किंवा दिग्दर्शक, पानं किंवा लांबी, वाचनालयातला दाखल क्रमांक, मग दोन-तीन मतं बोलणाऱ्याच्याच शब्दांत, आणि एक उलटं मत. शेवट लिहायचा नाही.

दहापैकी किती गुण, हे आम्ही वर्षभर करून बघितलं. सगळ्यांना आठ मिळतात. त्याऐवजी दोन प्रश्नांची उत्तरं लिहा: हे कोणाला देशील? आणि पुन्हा वाचशील का? आमच्या वहीतली एक नोंद अशी आहे:

‘कथासंग्रह. पानं १२८. तिसरी आन् सातवी कथा वाचा, बाकीच्या सावकाश. सातवीत म्हातारा बैल विकाले नेते अन् बाजारातून वापस आणते, तिथं दोघं जण थांबले. एक जण म्हणे वापस आणणं खोटं हाये, चाऱ्याचे पैसे कुठून आणन? कोणाला देशील: ज्याच्या घरी आता ट्रॅक्टर आला त्याले. पुन्हा वाचशील: फक्त सातवी.’

पोळ्याच्या आधी हे पुस्तक वहीतली नोंद वाचून चार जणांनी मागून नेलं. नोंद वऱ्हाडीतच ठेवा, साफ करून लिहायच्या नादात अर्धी चव जाते. अक्षर मात्र मोठं आणि सुटं. वही कपाटात कुलपात नको, देवघेवीच्या टेबलावर दोरीनं बांधून ठेवा.

बोलणाऱ्याची परवानगी असेल तरच नाव. विशेषतः बायांच्या नोंदीत ‘एक वाचक’ एवढंच पुरतं.

पायरी ८: उठायच्या आधी

पुढचं पुस्तक किंवा सिनेमा तिथंच ठरवा. ‘बघू, कळवतो’ म्हणून उठलेली बैठक परत बसत नाही. दर वेळी निवड करणारा माणूस बदला, आणि ज्याने आज सगळ्यात कमी बोललं त्याला पुढची निवड द्या. आमच्या घड्याळवाल्या पोरीनं मागच्या महिन्यात भुताची कादंबरी निवडली. गुरुजींनी नाक मुरडलं, पण चिठ्ठीवर त्यांनी चार ठिकाणी ‘थांबलो’ लिहून आणलं होतं, आणि त्यातल्या दोन ठिकाणी कंसात ‘रात्री’ असंही.

रिकाम्या चिठ्ठ्या वाटा, पुस्तक पहिल्या माणसाच्या हातात द्या, वहीत तारीख टाका. सतरंजी झटकताना पेन्सिली मोजून घ्या. प्रत्येक बैठकीत एक जातेच.